रेव्हरंड अलेक्झांडर फॉर्साइथ : भरमार बंदुकीच्या टोपीमागचे पाळक

आपल्या गडचिरोली जिल्ह्यांत, चामोर्शीपासून जवळच, मार्कंडा हें प्रसिद्ध क्षेत्र आहे. दक्षिणेकडे वाहत आलेली वैनगंगा येथें कांहीं अंतर उत्तरेकडे वळते, आणि त्या वळणाच्या कांठीं जुनीं कोरीव पाषाणमंदिरें उभीं आहेत. महाशिवरात्रीची यात्रा आटोपून यात्रेकरू परतले म्हणजे तो नदीकांठ पुन्हां शांत होतो. थंडीच्या दिवसांत चक्रवाकांच्या जोड्या तेथील वाळूवर उतरतात. या मुलखांत रान आणि धानाचीं शेतें एकमेकांस लागून आहेत. पीक तयार झालें म्हणजे रानडुकरांचे कळप शेतांत उतरतात, व शेतकऱ्याला मचाणावर बसून रात्र जागवावी लागते. अशा राखणीसाठीं ह्या भागांतील कित्येक घरीं पूर्वींपासून परवान्याची एक बंदूक असे. तिला आपण भरमार बंदूक म्हणतों.

विद्यार्थिमित्रहो, ही बंदूक कशी भरीत, हें तुमच्यापैकीं कित्येकांनीं आपल्या आजोबांच्या तोंडून ऐकलें असेल. नळीच्या तोंडांतून प्रथम मापानें दारू ओतावयाची, तिच्यावर चिंधीचा बोळा, मग छर्रे, त्यांवर दुसरा बोळा, आणि लोखंडी गजानें सर्व नीट ठासावयाचें. हें झालें तरी बंदूक अजून मुकीच असते. शेवटीं नळीच्या मागील टोंकास असलेल्या पोकळ बोंडावर तांब्याची एक इवलीशी टोपी बसवितात. चाप ओढला कीं घोडा त्या टोपीवर आदळतो, टोपी फुटते, आणि तिची ठिणगी आंतील दारूला पोहोंचते. टोपी नसेल तर दारू, छर्रे आणि नेम हें सर्व व्यर्थ होय.

त्या टोपींत असें काय असतें, आणि नुसती ठोकली असतां तिच्यांतून आग कशी निघते, असा प्रश्न वर्गांत अनेकदां निघतो. त्याचें उत्तर देतांना एका मनुष्याचें चरित्र सांगावें लागतें. तो मनुष्य सेनापति नव्हता, शस्त्रागारांतील कारागीरहि नव्हता. स्कॉटलंडमधील एका खेड्यांतील मंडळीचा तो पाळक होता.

रेव्हरंड अलेक्झांडर जॉन फॉर्साइथ यांचा जन्म २८ डिसेंबर १७६८ रोजीं बेलहेल्व्ही येथील पाळकनिवासांत झाला. हें गांव स्कॉटलंडच्या ईशान्य भागांत, अॅबर्डीन शहराच्या उत्तरेस, समुद्राकांठीं आहे. त्यांचे वडील रेव्हरंड जेम्स फॉर्साइथ हे तेथील मंडळीचे पाळक होते. अलेक्झांडर यांचें उच्च शिक्षण अॅबर्डीनच्या किंग्ज कॉलेजांत झालें. पुढें वडिलांचें निधन झालें, आणि १७९१ सालीं मुलगा त्यांच्याच जागीं पाळक म्हणून नेमला गेला. त्या वेळीं त्यांचें वय अवघें २२ वर्षांचें होतें. तेथपासून मरेपर्यंत, म्हणजे सुमारें ५२ वर्षें, त्यांनीं तें एकच काम संभाळलें. मोठ्या शहराची वा मोठ्या पगाराची जागा त्यांनीं पाहिली नाहीं.

पाळकाच्या कामांतून जो वेळ उरे तो ते दोन छंदांत घालवीत. एक छंद रसायनशास्त्राचा व यंत्रांचा; राहत्या जागीं त्यांनीं एक लहानसें कामाचें दालन थाटलें होतें, आणि तेथें हातानें लोखंडकाम करण्यांत त्यांना कमीपणा वाटत नसे. दुसरा छंद शिकारीचा. समुद्राकांठच्या दलदलींत व जवळच्या पाण्यावर रानबदकें उतरत, आणि त्या थंड, धुकट प्रदेशांत पाळकसाहेब बंदूक घेऊन पहांटे फिरत. ह्या दोन छंदांची गांठ जेथें पडली, तेथेंच त्यांच्या शोधाचा जन्म झाला.

तो शोध समजण्यासाठीं त्या काळची बंदूक कशी होती हें पाहिलें पाहिजे. टोपीची बंदूक तेव्हां अस्तित्वांत नव्हती. सर्वत्र चकमकीची बंदूक चालत असे. तिच्या घोड्याच्या तोंडांत गारेचा एक तुकडा घट्ट बसविलेला असे. चाप ओढला म्हणजे ती गार पोलादी पट्टीवर घासून ठिणग्या उडत. ठिणग्या खालच्या उघड्या पात्रांतील बारीक दारूवर पडत. ह्या दारूला आपल्या जुन्या बखरींतून रंजक म्हटलें आहे. रंजक पेटली कीं तिचा जाळ नळीच्या बाजूच्या बारीक छिद्रांतून आंत जाई, आणि मग मुख्य दारू उडे. म्हणजे चाप ओढल्यापासून गोळी सुटेपर्यंत तीन पायऱ्या होत्या, आणि प्रत्येक पायरीवर कांहींना कांहीं बिघडण्याचा संभव होता. पावसाचे चार थेंब पडले कीं रंजक भिजे. वारा सुटला कीं ती उडून जाई. गारेची धार बोथटली कीं ठिणगीच पडत नसे. सर्व कांहीं ठीक असलें तरी पात्रांतील जाळ व नळींतील स्फोट ह्यांच्यामध्यें क्षणाचा अवकाश राही.

हजारों शिकाऱ्यांनीं व लाखों शिपायांनीं हा क्षणाचा अवकाश अनुभवला होता, आणि तो बंदुकीचा स्वभावच आहे असें समजून सोडून दिला होता. फॉर्साइथसाहेबांनीं मात्र पाण्यावरील बदकांकडे नीट पाहिलें. पात्रांतील जाळ दिसतांच बदकें पाण्यांत बुडी मारीत, आणि छर्रे तेथें पोहोंचत तों तीं खालीं गेलेलीं असत. नेम चुकत नव्हता. बंदूकच उशीर करीत होती. आरंभीं त्यांनीं जाळ दिसूं नये म्हणून पात्रावर एक झांकण बसवून पाहिलें, असें सांगतात. परंतु त्यामुळें रोग जात नव्हता, नुसता झांकला जात होता. मूळ कारण ठिणगीचा लांबचा मार्ग हें आहे, तेव्हां तो मार्गच तोडला पाहिजे, असें त्यांच्या मनानें घेतलें.

त्या काळीं यूरोपांतील रसायनशास्त्रज्ञांना असे कांहीं पदार्थ सांपडले होते कीं जे ज्योतीवांचून, केवळ आघातानें उडत. फ्रान्समधील बर्थोले यांनीं शोधिलेल्या एका क्षारापासून नवी दारू करण्याचा प्रयत्न १७८८ सालीं झाला, त्यांत भयंकर स्फोट होऊन प्राणहानि झाली. इंग्लंडांत एडवर्ड हॉवर्ड यांनीं १८०० सालीं पाऱ्यापासून बनणाऱ्या एका स्फोटक पदार्थाचें वर्णन प्रसिद्ध केलें. प्रयोग करतांना ते स्वतःहि जखमी झाले होते. अशा पदार्थांनीं साध्या दारूची जागा घ्यावी, अशी पुष्कळांची इच्छा होती. परंतु ते इतक्या अकस्मात् उडत कीं बंदुकीची नळीच फुटे. म्हणून विद्वानांनीं हे पदार्थ बंदुकीच्या कामाचे नाहींत असें ठरवून टाकलें.

येथें ह्या खेड्यांतील पाळकाची बुद्धि दिसून येते. ज्या पदार्थानें नळी फुटते, त्याचा एखादा कण ठिणगी म्हणून वापरला तर काय होईल, असा विचार त्यांनीं केला. गोळी फेंकण्याचें काम जुन्या दारूनेंच करावें. नव्या पदार्थानें फक्त तिला जागें करावें. विचार साधा दिसतो, पण तो खरा करावयास कित्येक वर्षें लागलीं. तीळभर चूक झाली तरी बोटें किंवा डोळे गमावण्याचा प्रसंग होता. फॉर्साइथसाहेब थोडथोड्या मापानें, पुन्हां पुन्हां, एक एक गोष्ट बदलून प्रयोग करीत राहिले. १८०५ सालापर्यंत त्यांची नवी कळ तयार झाली. तिचा आकार अत्तराच्या लहान कुपीसारखा होता, म्हणून तिला तेंच नांव पडलें. कुपी फिरविली कीं स्फोटक भुकटीचे थोडे कण छिद्रापाशीं पडत. कुपी परत फिरविली कीं बाकीची भुकटी सुरक्षित बाजूला जाई. मग घोडा एका खिळ्यावर पडे, खिळा कणांवर आघात करी, आणि बंदूक तत्काळ उडे. आतां उघड्या पात्राची, गारेची व रंजकेची गरज उरली नाहीं. पावसाचें भयहि पुष्कळ कमी झालें.

दुसऱ्या वर्षीं, १८०६ सालीं, ते आपली बंदूक घेऊन लंडनला गेले. तेथें रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांना त्यांनीं ती दाखविली. सरकारच्या शस्त्रखात्याचे प्रमुख लॉर्ड मॉइरा यांना तिचें महत्त्व पटलें, आणि त्यांनीं फॉर्साइथसाहेबांस टॉवर ऑफ लंडन ह्या किल्ल्यांत कामासाठीं जागा दिली. खेड्यांतील पाळक राज्याच्या शस्त्रागारांत जाऊन बसला. तेथील कांहीं कारागिरांना स्फोटक पदार्थाची इतकी भीति वाटे कीं धोक्याचें काम बहुधा ह्या पाहुण्यालाच स्वतःच्या हातानें करावें लागे.

परंतु १८०७ सालीं मंत्रिमंडळ बदललें. लॉर्ड मॉइरा गेले व लॉर्ड चॅटम आले. नव्या प्रमुखांस ह्या प्रयोगांत कांहीं अर्थ दिसला नाहीं. काम बंद करून आपलें सामान उचलावें, अशी आज्ञा फॉर्साइथसाहेबांस झाली. वर्षभराचे श्रम, स्वतःचा खर्च आणि आशा, सर्व गुंडाळून त्यांस किल्ल्याबाहेर पडावें लागलें. त्या वेळीं यूरोपांत मोठें युद्ध चाललें होतें. फ्रान्सचा बादशहा नेपोलियन यानें ह्या शोधाबद्दल २०,००० पौंड देऊं केले, आणि पाळकसाहेबांनीं ते नाकारले, असें सांगतात. स्वदेशानें ज्याला दाराबाहेर काढलें त्यानें शत्रूच्या द्रव्याकडे पाठ फिरविली, ही गोष्ट त्यांच्या शीलाशीं जुळणारी आहे यांत संशय नाहीं.

मात्र त्यांनीं आपला हक्क सोडला नाहीं. वाफेच्या यंत्राचे प्रसिद्ध सुधारक जेम्स वॉट यांनीं त्यांस पेटंटच्या कागदपत्रांत साह्य केलें, आणि ११ एप्रिल १८०७ रोजीं त्यांना पेटंट मिळालें. पुढील वर्षीं लंडनच्या पिकॅडिली रस्त्यावर त्यांच्या नांवानें बंदुकांचें दुकान निघालें. ते स्वतः मात्र बेलहेल्व्हीस परतले व पूर्ववत् उपदेश, आजाऱ्यांची भेट व मुलांचें शिक्षण ह्यांत रमले. दुकान चाललें, पण नक्कल करणारेहि पुष्कळ निघाले. लंडनच्या नामांकित बंदूक-कारागिरांशीं कज्जे झाले. निकाल फॉर्साइथसाहेबांच्या बाजूनें लागले, तरी पेटंटची मुदत १८२१ सालीं संपली. एव्हांना दुसऱ्या कारागिरांनीं त्याच तत्त्वावर एक सोयीची युक्ति काढली होती. स्फोटक पदार्थ कुपींत न ठेवतां तांब्याच्या लहान टोपीच्या तळाशीं दाबून बसवावयाचा, आणि दर वेळीं नवी टोपी घालावयाची. आपल्या भरमार बंदुकीची टोपी ती हीच. टोपी कोणी प्रथम केली याविषयीं अनेकांचे दावे आहेत; परंतु आघातानें ठिणगी पाडण्याचें जें तत्त्व तिच्या पोटीं आहे, तें फॉर्साइथ यांचें होय.

सरकारला जाग येण्यास आणखी बरींच वर्षें लागलीं. १८३४ सालीं वुलिच येथें जुनी चकमक व नवी टोपी यांची परीक्षा झाली. सर्व प्रकारच्या हवेंत प्रत्येकीच्या ६,००० फैरी झाडण्यांत आल्या. चकमकीची बंदूक ९२२ वेळां उडाली नाहीं. टोपीची केवळ ३६ वेळां. म्हणजे एकीचा दगा सुमारें साडेसहा फैरींत एकदां, तर दुसरीचा सुमारें १६६ फैरींत एकदां. ह्या आंकड्यांपुढें वाद उरला नाहीं, आणि पुढील थोड्याच वर्षांत ब्रिटिश सैन्यानें टोपीची बंदूक स्वीकारली. टॉवरमधून त्यांना निरोप मिळाल्यास तेव्हां ३० हून अधिक वर्षें झालीं होतीं. पाळकसाहेब म्हातारे झाले होते. मित्रांनीं अर्ज-विनंत्या केल्यावर १८४२ सालीं त्यांना २०० पौंड मिळाले. ११ जून १८४३ रोजीं, वयाच्या ७४ व्या वर्षीं, ज्या पाळकनिवासांत त्यांचा जन्म झाला तेथेंच त्यांचें अकस्मात् देहावसान झालें. नंतर सरकारनें आणखी १,००० पौंड मंजूर केले, ते त्यांच्या नातलगांत वांटले गेले. ज्या टॉवरमधून त्यांस बाहेर काढलें होतें, त्याच टॉवरमध्यें १९३० सालीं त्यांच्या स्मरणार्थ एक लेखपट्ट बसविण्यांत आला.

फॉर्साइथ गेले, पण त्यांची ठिणगी पुढें चालत राहिली. १८६६ च्या सुमारास अमेरिकेंत बर्डन यांनीं व इंग्लंडांत बॉक्सर यांनीं ती टोपी पितळी काडतुसाच्या बुडांतच बसविली. आतां दारू, गोळी व टोपी हीं तिन्ही एका नळकांड्यांत आलीं. त्यापूर्वींच्या कांहीं काडतुसांत स्फोटक पदार्थ बुडाच्या कडेंत भरलेला असे. तीं एकदां उडालीं कीं टाकून द्यावीं लागत. टोपी मध्यभागीं आल्यावर मात्र रिकामें नळकांडें पुन्हां भरतां येऊं लागलें. अमेरिकेंत विंचेस्टर कंपनीची १८७३ सालची प्रसिद्ध रायफल निघाली. तिच्या चापाखालील कडी खालीं ओढून परत वर घेतली कीं जुनें काडतूस बाहेर पडे व नवें नळींत जाई. तिचें काडतूस मध्यभागीं टोपी असलेलें होतें. त्यांत ४० ग्रेन दारू व सुमारें २०० ग्रेनची शिशाची गोळी असे. एक ग्रेन म्हणजे अर्ध्या गुंजेहून किंचित् अधिक. दुकानापासून शेंकडों मैल दूर राहणारे लोक रिकामीं नळकांडीं जपून ठेवीत, आणि हातांत मावणाऱ्या एका चिमट्यासारख्या अवजारानें घरींच पुन्हां भरीत.

हें काम नव्यानें शिकणाऱ्यास तेथें आधीं दारूला हातच लावूं देत नसत. प्रथम त्यानें नळकांडीं पारखावयाचीं. ज्याला चीर गेली असेल तें मोडीत टाकावयाचें. मग उडालेली टोपी खिळ्यानें बाहेर काढावयाची, नळकांडें पुन्हां मूळ मापास आणावयाचें, आणि नवी टोपी बुडाच्या पातळीहून वर राहणार नाहीं अशी बसवावयाची. त्यानंतरच दारू जोखावयाची, व शेवटीं गोळी बसवून नळकांड्याचें तोंड तिच्याभोंवतीं घट्ट आवळावयाचें. अशा रायफलींत काडतुसें नळीखालच्या दुसऱ्या नळींत एकामागें एक, आडवीं राहतात. म्हणजे मागच्या गोळीचें टोंक पुढच्या काडतुसाच्या टोपीला टेकतें. गोळी टोंकदार असली तर धक्क्यासरशीं तीच टोपीवर घोड्याचें काम करील व हातांतच स्फोट होईल. म्हणून ह्या रायफलीची गोळी चपट्या टोंकाची करीत. पुढें बिनधुराची दारू आली, तेव्हां जोखण्याचें महत्त्व आणखी वाढलें. जुनी काळी दारू नळकांडें भरून घातली तरी चाले. नवी दारू थोड्या मापांत कितीतरी अधिक जोर करते, आणि अंदाजानें घातली तर बंदूकच फोडते. बेलहेल्व्हीच्या त्या लहानशा दालनांत जो नियम पाळला जात होता, तोच येथेंहि होता. माप थोडें, घाई नाहीं, आणि एका वेळीं एकच काम.

पालकांसाठीं व विद्यार्थ्यांसाठीं येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आपल्या देशांत १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणें परवान्यावांचून काडतुसें बनविणें हा गुन्हा आहे. रानांत किंवा जुन्या पेटींत सांपडलेली टोपी अथवा काडतूस कोणी मुलानें ठोकून पाहूं नये. हॉवर्ड यांच्यासारखे विद्वानहि ह्या पदार्थापासून वांचले नाहींत, हें ध्यानांत ठेवावें.

आतां ह्या चरित्रांतील कठीण प्रश्नाकडे वळूं. शांतीचा उपदेश करणाऱ्या मनुष्याच्या हातून युद्धाचें हत्यार सुधारलें गेलें, हें योग्य झालें काय? फॉर्साइथ यांच्या मृत्यूनंतर १४ वर्षांनीं, १८५७ सालीं, आपल्या देशांत जो उठाव झाला, त्याच्या आरंभीं ज्या एन्फील्ड रायफलीच्या काडतुसांवरून शिपायांत असंतोष पेटला, ती रायफल टोपीचीच होती. वाद मात्र टोपीचा नव्हता, काडतुसाच्या कागदास लावलेल्या चरबीचा होता. दुसऱ्या वर्षीं तो वणवा आपल्या मुलखांतहि आला. बाबूराव शेडमाके यांनीं इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचललें, आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजीं चांदा येथें त्यांस फांशी देण्यांत आलें. दूरच्या एका समुद्राकांठीं बदकांसाठीं शोधलेली ठिणगी राज्यांच्या हातीं गेली, आणि राज्यांनीं ती माणसांवर वापरली. ह्याचा सर्व दोष त्या पाळकावर घालणें न्यायाचें होणार नाहीं. पण आपला शोध सैन्याच्या कामीं यावा म्हणून ते स्वतःच लंडनला गेले होते, हेंहि लपवितां येत नाहीं. प्रस्तुत लेखकास तर असें वाटतें कीं शोध करणाऱ्याची जबाबदारी शोध लागल्यावर संपत नाहीं. तुमच्यापैकीं जे पुढें शास्त्र शिकतील, त्यांनीं हा प्रश्न आपल्याबरोबर न्यावा.

तथापि त्यांच्यापासून घेण्यासारखें पुष्कळ आहे. ज्या गैरसोयीस सर्वांनीं स्वभाव म्हणून मान डोलाविली, तिचें कारण त्यांनीं शोधिलें. अपमान झाल्यावर ते शत्रूस विकले गेले नाहींत, आणि बक्षीस मिळालें नाहीं म्हणून त्यांनीं आपलें नेमलेलें काम टाकलें नाहीं. लंडनमध्यें त्यांचें नांव दुकानावर झळकत असतां ते खेड्यांत एखाद्या आजारी शेतकऱ्याच्या उशाशीं बसलेले असत.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकारीचे दिवस संपले. पुढच्या हिवाळ्यांत मार्कंड्यास गेलांत तर वैनगंगेच्या वाळूवर उतरलेले चक्रवाक अवश्य पाहा. हातांत कांहीं नको, डोळे मात्र उघडे ठेवा. पक्षी केव्हां दचकतो, कशानें दचकतो, कोणत्या बाजूस वळतो, हें घरीं येऊन वहींत लिहून ठेवा. फॉर्साइथसाहेबांचा शोधहि बदकें कोणत्या क्षणीं बुडी मारतात, हें नीट पाहण्यापासूनच सुरू झाला होता.